कॅपो म्हणजे सरकवता येणारा नट

विचारलं आहे ते थोडक्यात असं: तीन महिन्यांपासून गिटार शिकतोय. घरी चुलतभावाची नायलॉनच्या तारांची जुनी गिटार आहे. स्टीलच्या तारांची गिटार वाजवणाऱ्या मित्राने त्याचा चिमट्यासारखा स्प्रिंगचा कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकाच जागी दाबून सूर वर नेणारी पट्टी, दिला. तो लावला की मधल्या दोन तारा खरखरतात. पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या नेकवर, मानेवर, धातूच्या पट्ट्यांनी पाडलेली घरं) लावला तर कडेची तार धड दबतच नाही. ट्यूनर सगळ्या तारा चढलेल्या दाखवतो, आणि खुंट्या फिरवून त्या 'बरोबर' केल्या की गाण्याशी काहीच जुळत नाही. त्यात सोबत शिकणारा एकजण म्हणतो, कॅपो ही एफची अवघड कॉर्ड न येणाऱ्यांची पळवाट आहे. मग कॅपो वापरू का, कसा वापरू, आणि नवीन घ्यायचा तर कोणता?

खुंट्यांपासून सुरुवात करतो, कारण तिथे रोज नुकसान चाललंय. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावल्यावर सहावीपासून (सगळ्यात जाड) पहिलीपर्यंत (सगळ्यात बारीक) तुम्हाला ई, ए, डी, जी, बी, ई ऐकू येणारच नाही. एफ शार्प, बी, ई, ए, सी शार्प, एफ शार्प असे सूर येतील, कारण प्रत्येक तार दोन फ्रेट, म्हणजे दोन सेमिटोन वर गेली. कॅपो लावतात तो त्यासाठीच. पण फोनमधला ट्यूनर 'गिटार' मोडवर असेल तर त्याला सहा ठरलेल्या सुरांपलीकडे काही कळत नाही. एफ शार्प ऐकला की तो सांगतो, ई फार चढलाय, उतरवा. तुम्ही बिचारे उतरवता. सहाही तारा उतरवल्या की गिटार पुन्हा ई-ए-डी-जी-बी-ई वर येते. म्हणजे कॅपो लावून न लावल्यासारखा, आणि वर तारा ढिल्या. ट्यूनर 'क्रोमॅटिक' मोडवर टाका, म्हणजे बाराही सूर ओळखेल. आधी कॅपोशिवाय गिटार नीट लावून घ्या, मग कॅपो चढवा, आणि मग फक्त बारीकसारीक दुरुस्ती करा. खुंटी केसभर फिरवण्यापलीकडे फिरवावी लागली तर गडबड कॅपो बसवण्यात आहे, खुंटीत नाही.

माझ्याकडे येणारी एक विद्यार्थिनी असंच करायची. रोज कॅपो लावून तारा उतरवायची, रियाज झाला की कॅपो काढून त्या परत चढवायची. गिटार 'लागतच नाही' म्हणून वैतागलेली. आठवड्याभरात तिसरी तार तुटली तेव्हा कुठे आम्हा दोघांना उलगडा झाला. तोपर्यंत मीही तिला तारा बदलायला सांगून मोकळा झालो होतो.

आता मुळाकडे. कॅपो हा शब्द इटालियन 'कापोतास्तो'वरून आलाय. कापो म्हणजे डोकं, तास्तो म्हणजे फ्रेट. इटालियनमध्ये नटलासुद्धा, म्हणजे खुंट्यांच्या अलीकडे तारा ज्या खाचांमधून जातात त्या पांढऱ्या पट्टीला, हाच शब्द आहे. नावातच सगळं आलं. कॅपो म्हणजे हवा तिथे सरकवता येणारा नट. आणि नट काय करतो ते एकदा बघून ठेवा: सहाही तारांना एका सरळ रेषेत टेकू देतो, त्यांना हलू देत नाही, आणि उगाच ताणतही नाही. कॅपो कुठे ठेवायचा, किती आवळायचा, कोणता घ्यायचा, या सगळ्याची उत्तरं मी इथूनच काढतो.

पळवाटीचं आधी निकालात काढू. स्पेनमधले फ्लेमेंको वादक पिढ्यान्‌पिढ्या कॅपो लावत आलेत. त्याला ते 'सेहिया' म्हणतात; जुन्या पद्धतीचा सेहिया म्हणजे लाकडाचा तुकडा आणि दोरी पिळून आवळायची खुंटी, बस. गायकाचा आवाज ज्या पट्टीत बसेल तिथे सेहिया सरकवायचा आणि कॉर्ड धरायचे हाताचे आकार तेच ठेवायचे. त्या वादकांना बार कॉर्ड, म्हणजे तर्जनी आडवी टाकून तारा दाबायच्या कॉर्ड, येत नाहीत असं म्हणायची माझी तरी छाती नाही. बीटल्सचं १९६९ सालचं 'हिअर कम्स द सन' घ्या. जॉर्ज हॅरिसनने त्यात सातव्या फ्रेटवर कॅपो लावून डीचे आकार वाजवलेत. ऐकू येतो तो ए मेजर. ए मेजर तर कॅपोशिवायही सोपा आहे, नवशिक्यालाही जमतो. तरी कॅपो का? कारण इतक्या वर लावल्यावर खुल्या, म्हणजे बोटाने न दाबलेल्या, तारांचा जो लखलखीत, जवळजवळ मेंडोलिनसारखा आवाज येतो तो खालच्या ए मधून निघत नाही.

खरा फायदा खुल्या तारांचाच आहे. समजा गाणं बी फ्लॅटमध्ये आहे आणि कॉर्ड आहेत बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ आणि जी मायनर. चारही ठिकाणी तर्जनी आडवी. तुम्ही हे वाजवू शकलात तरी आवाज बंद डब्यातून आल्यासारखा येईल, कारण एकही तार मोकळी वाजत नाही. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा आणि जी, सी, डी, ई मायनर वाजवा. पट्टी तीच, कॉर्ड त्याच, पण तारा मोकळ्या झाल्या. इथे बार कॉर्ड उत्तम येणारा माणूसही कॅपोच लावेल.

मात्र कॅपो लावला की सगळं सोपं होतं असं समजू नका. एफमधलं गाणं घ्या: एफ, सी, डी मायनर, बी फ्लॅट. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून डीच्या आकारांत आणलं तर डी, ए, बी मायनर, जी मिळतात. बी फ्लॅट गेला, एफ गेला, आणि बी मायनर दारात उभा. पाचव्यावर लावून सीच्या आकारांत गेलात तर सी, जी, ए मायनर आणि, घ्या, परत एफ. कुठेतरी एक बार कॉर्ड वाट अडवतेच. त्यामुळे एफ शिकायचा आहेच, आणि गंमत म्हणजे तो शिकायलाही कॅपोच कामी येतो. पहिल्या फ्रेटवरचा एफ सगळ्यात जड जातो, कारण नट अगदी शेजारी असतो आणि तिथे तार दाबायला ताठ लागते. शिवाय तिथले फ्रेट सगळ्यात रुंद. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट साधारण ३६ मिलिमीटरचा, पाचवा २९ चा, सातवा २६ चा असतो. म्हणून कॅपो पाचव्या फ्रेटवर लावा आणि त्याच्या पुढच्या फ्रेटवर एफचा आकार धरा. बोटं जवळ येतात, तारा खाली येतात, आणि बहुतेकांना पहिल्यांदाच सहाही तारा स्वच्छ ऐकू येतात. तिथे हात बसला की कॅपो चौथ्यावर, मग तिसऱ्यावर, असं उतरत या. कॅपो निघतो त्या दिवशी एफ आलेला असतो. किती दिवस लागतील ते विचारू नका. काहींना तीन आठवडे, काहींना तीन महिने.

याच प्रयोगातून गिटारचा एक दोषही पकडता येतो. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावल्यावर एकाएकी गिटार लोण्यासारखी झाली, कॅपोशिवाय मात्र पहिल्या दोन फ्रेटवर बोटं सोलून निघतात, असा जमीन-अस्मानाचा फरक जाणवला तर समजा की नटच्या खाचा पुरेशा खोल नाहीत, तारा नटपाशी फार उंच बसल्यात. थोडा फरक सगळ्याच गिटारींवर जाणवतो, मी बोलतोय तो चटकन लक्षात येणाऱ्या फरकाबद्दल. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून खाचा घासून घ्या. स्वतः कानस घेऊन बसू नका. खाच जास्त खोल गेली की खुली तार खरखरते आणि नट बदलावा लागतो. जुनी, आयती मिळालेली गिटार असल्यामुळे तुमच्याबाबतीत मला ही शंका आहेच. दुरुस्ती होईपर्यंत गिटार अर्धा स्वर, म्हणजे एक सेमिटोन उतरवून लावा आणि कॅपो कायम पहिल्या फ्रेटवर ठेवा. सूर नेहमीचेच येतील आणि बोटं वाचतील.

आता कोणत्या फ्रेटवर. बारा सूर ओळीने पाठ हवेत: सी, सी शार्प, डी, डी शार्प, ई, एफ, एफ शार्प, जी, जी शार्प, ए, ए शार्प, बी, आणि परत सी. ई आणि एफच्या मध्ये काही नाही, बी आणि सीच्या मध्येही नाही. हिशोब चुकतो तो याच दोन ठिकाणी. तुम्ही धरलेल्या आकाराच्या नावापासून कॅपोचा आकडा मोजत पुढे गेलात की खरा सूर मिळतो. जीचा आकार, कॅपो तिसऱ्यावर: जी शार्प, ए, ए शार्प. ए शार्प म्हणजेच बी फ्लॅट. मायनरचंही तसंच. ए मायनर आणि कॅपो दोन म्हणजे बी मायनर, ई मायनर आणि कॅपो तीन म्हणजे जी मायनर.

गाणारे लोक मात्र तुमच्याशी सी आणि जीच्या भाषेत बोलणार नाहीत. ते म्हणतील, "माझी काळी चार." तेव्हा पेटीवरचा हिशोब माहीत असलेला बरा. पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक सी शार्प, दोन डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प. म्हणजे काळी चारला जीचे आकार आणि कॅपो पहिल्या फ्रेटवर. हेच गाणं तुम्ही सीच्या आकारांत बसवलं असेल तर कॅपो आठव्यावर जाईल, तिथे हात कोंबायला जागा नाही आणि आवाज खेळण्यासारखा येतो. तेव्हा गाणं जीच्या आकारांत बदलून घ्या: सीचा जी, एफचा सी, जीचा डी, ए मायनरचा ई मायनर. काळी दोन सांगितली तर डीचे आकार कॅपो एक, किंवा सीचे आकार कॅपो तीन. पहिल्यात बी मायनर येण्याची शक्यता, दुसऱ्यात एफ. जे आज कमी बोचेल ते घ्या.

पट्टी उतरवायची असली की नवशिक्यांची गाडी अडते, कारण कॅपोने सूर फक्त वर जातो. गाणं जीमध्ये बसवलंय आणि गाणारी म्हणते, दोन स्वर खाली घे. बहुतेकदा तिला दोन सेमिटोन म्हणायचं असतं. एकदा विचारून घ्या. म्हणजे एफ हवा. जीच्या आकारांनी तिथे पोचता येत नाही, पण डीचे आकार धरून तिसऱ्यावर कॅपो लावला की एफ हजर. खाली जायचं असेल तर आधी खालचा आकार निवडायचा आणि मग कॅपोने वर यायचं.

आणि पट्टी ठरवताना गाण्याची पहिली ओळ म्हणून घेऊ नका. सगळे हेच करतात. मुखडा बहुतेक खालच्या सुरांत असतो, तिथे कोणालाही बरंच वाटतं, आणि अंतऱ्यात वरच्या सुरावर गळा बसतो. गाण्यातली सगळ्यात वरची ओळ आधी म्हणून घ्या. ती आरामात लागेपर्यंत कॅपो एकेक फ्रेट मागे-पुढे करा, मग सगळ्यात खालची ओळ ऐकू येते का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

कॉर्ड लिहिलेल्या कागदावर 'कॅपो ३' असेल आणि खाली जी, सी, डी दिसत असतील तर ते आकार आहेत. कॅपोलाच नट धरून वाजवायचे. टॅबमध्येही, म्हणजे कोणती तार कोणत्या फ्रेटवर दाबायची ते आकड्यांत लिहितात त्यातही, शून्य म्हणजे कॅपो लावलेली खुली तार, आणि दोन म्हणजे कॅपोपासून दुसरा फ्रेट. क्वचित कोणी खरे सूर लिहून वर 'कॅपो ३' टाकतं. बी फ्लॅट, ई फ्लॅट अशी नावं दिसली की ते ओळखता येतं. फ्रेटबोर्डच्या कडेचे ठिपके मात्र कॅपो लावल्यावर दगा देतात. ते खऱ्या नटपासून मोजलेले असतात, नजर त्यांच्यावर गेली की बोट चुकतं.

इतर वादकांशी बोलताना नेहमी खरा सूर सांगायचा. हे मी पुरेशी लाज घालवून शिकलोय. एका छोट्या कार्यक्रमात ऐनवेळी गायकाने पट्टी बदलली, मी कॅपो तिसऱ्यावर सरकवला आणि कीबोर्डवाल्याला मान वळवून म्हणालो, "जी." माझ्या डोळ्यांसमोर माझा हात होता आणि हात जीच धरून होता. त्याने प्रामाणिकपणे जी धरला, माझ्या गिटारमधून बी फ्लॅट निघाला, आणि गायक बिचारा दोघांच्या मध्ये कुठेतरी सूर शोधत राहिला. पहिली ओळ पूर्ण होईपर्यंत कोणाचं चुकतंय हेच कळेना. कीबोर्डवाला मला अजून अधूनमधून विचारतो, "तुझा जी की माझा?"

आता कॅपो बसवण्याकडे येऊ. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण कॅपोबद्दलच्या दहातल्या आठ तक्रारी इथेच मिटतात. 'तिसऱ्या फ्रेटवर कॅपो' म्हणजे तिसऱ्या धातूच्या पट्टीवर नव्हे आणि दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमधही नव्हे. तिसऱ्या पट्टीच्या अगदी अलीकडे, नटच्या बाजूला, पट्टीला जवळजवळ खेटून. पॅडची, म्हणजे कॅपोच्या तारांवर बसणाऱ्या रबराची, कड पट्टीला समांतर हवी. पॅड पट्टीच्या माथ्यावर चढला तर तार गुदमरते, आवाज ठप्प येतो. मधोमध बसला तर तार खरखरते, आणि ती गप्प करायला जास्त दाब द्यावा लागतो. फ्रेटची पट्टी लाकडापासून मिलिमीटरभर उंच असते. मधोमध जोरात दाबलं की तार त्या उंचीवरून खाली लाकडाकडे खेचली जाते, ताणली जाते आणि चढते. कॅपो लावल्यावर गिटार बेसुरी होते ती बहुतेक यामुळे. पट्टीला खेटून बसवलं तर थोड्या दाबातही तार पट्टीवर पक्की टेकते आणि खाली खेचली जात नाही. स्टीलच्या तारा ताठ असल्याने थोड्या जास्त दाबाने लगेच चढतात, नायलॉनच्या जरा सोसून घेतात. उंच, जाड फ्रेट असलेल्या गिटारवर हा त्रास आणखी.

स्क्रूने आवळायचा कॅपो असेल तर तो ढिलाच ठेवून जागेवर आणा. सहावीपासून पहिलीपर्यंत एकेक तार छेडा, सगळ्या खरखरतील. थोडासा पीळ द्या, पुन्हा छेडा. आधी दोन-तीन तारा मोकळ्या बोलतील, बाकीच्या कुरकुरतील. आणखी थोडा पीळ. शेवटची तार स्वच्छ वाजली की आणखी अगदी किंचित आवळा आणि हात काढून घ्या. दाब इतकाच हवा, त्यापुढचा सगळा तार चढवण्यात जातो. स्प्रिंगच्या कॅपोत दाब तुमच्या हातात नसतो, म्हणून जागा आणखी अचूक लागते. तो उघडताना पुरता उघडा, तारांवर सरळ वरून आणा आणि हळू सोडा. अर्धवट उघडून तिरका ओढत नेला तर पॅड तारांना बाजूला ढकलतो, आणि बाजूला ढकललेली तार म्हणजे बेंड केलेली, सूर चढलेली तार. बसवून झाल्यावर प्रत्येक तार मधोमध बोटाने जराशी उचलून सोडा, म्हणजे अडकून राहिलेला ताण दोन्ही बाजूंना सारखा होतो. मग क्रोमॅटिक ट्यूनरवर एक नजर. कॅपो काढल्यावरही तेवढंच करा, कारण तार कधीकधी नटच्या खाचेत अडकून थोडी चढलेलीच राहते.

कॅपो विकत घेताना लोक रंग बघतात, नाव बघतात. मी बघतो फ्रेटबोर्डचा आकार. नायलॉनच्या तारांच्या, क्लासिकल पद्धतीच्या गिटारचा फ्रेटबोर्ड बहुधा सपाट असतो आणि नटपाशी साधारण ५२ मिलिमीटर रुंद. स्टीलच्या तारांच्या गिटारचा ४३-४४ मिलिमीटर, आणि मध्ये किंचित फुगीर. ही फुगीरता इंचांत सांगतात, ज्या वर्तुळाचा तो तुकडा आहे त्याची त्रिज्या म्हणून. आकडा जितका लहान तितका फुगवटा जास्त. मार्टिनच्या अकूस्टिक गिटारला बहुधा १६ इंच, गिब्सनला १२, फेंडरच्या जुन्या धाटणीच्या इलेक्ट्रिकला सव्वासात. स्टीलच्या गिटारसाठी केलेल्या बऱ्याच कॅपोंची दांडी त्या फुगवट्याला बसेल अशी आतून वळवलेली असते.

तुमच्या मधल्या दोन तारा का खरखरतात ते आता लक्षात आलं असेल. वळवलेली दांडी सपाट फ्रेटबोर्डवर ठेवली की कडा टेकतात आणि मध्ये पोकळी राहते. तिसरी आणि चौथी तार त्या पोकळीत. उलट सपाट दांडी फुगीर फ्रेटबोर्डवर ठेवली तर मधल्या तारा दबतील आणि पहिली-सहावी कुरकुरतील. म्हणजे कोणत्या तारा खरखरतात ते ऐकूनच जोडी कुठे चुकलीय ते सांगता येतं. पाचव्या फ्रेटवर कडेची तार का सुटते तेही सरळ आहे: नेक पुढे रुंद होत जातो आणि मित्राच्या कॅपोची दांडी तिथे अपुरी पडते.

प्रकार चार-पाच आहेत, पण नवशिक्याने दोनांतच निवड करावी. स्प्रिंगचा, म्हणजे चिमट्याचा, एका हाताने क्षणात लागतो आणि निघतो. कार्यक्रमात दर गाण्याला पट्टी बदलणाऱ्याला त्याला तोड नाही. पण स्प्रिंग एकाच जोराने दाबते, आणि तो जोर बहुतेक गिटारींना जास्तच होतो. या कॅपोच्या मुठी मोठ्या असतात, पहिल्या फ्रेटजवळ हाताला लागतात. दुसरा प्रकार दाब कमी-जास्त करता येणारा: कुठे स्क्रू, कुठे स्क्रूने दाब ठरवून खटक्याने बंद होणारा. शब, जी सेव्हन्थ, डीअ‍ॅडारिओ वगैरे यातले नावाजलेले. लावायला चार सेकंद जास्त लागतात. घरी शिकणाऱ्याला तेवढी घाई नसते, आणि सुरात वाजणाऱ्या गिटारवर कान तयार होतो हा फायदा मोठा. म्हणून पहिला कॅपो दाब ठरवता येणाराच घ्या असं मी सांगतो. इलॅस्टिकच्या पट्ट्याचे कॅपो हलके असतात, पण पट्टा सैलावतो आणि दाब एकसारखा राहत नाही. मी कोणाला सुचवत नाही. काही मोजक्या तारा दाबणारे अर्धे कॅपोही मिळतात. दुसऱ्या फ्रेटवर फक्त पाचवी, चौथी आणि तिसरी दाबली तर फार सुंदर, दुसऱ्याच ट्यूनिंगसारखा आवाज निघतो. तो खेळ वर्षभराने खेळा.

तुम्ही नायलॉनचीच गिटार वाजवत राहणार असाल तर वेष्टनावर 'क्लासिकल' किंवा 'नायलॉन' लिहिलेला, सपाट आणि रुंद दांडीचा कॅपो घ्या. पुढे स्टीलची घेणार असाल तर कॅपोसाठी तोवर थांबा, दोन्हीला चालेल असा एकच शोधत बसू नका. तडजोडीत दोन्हीकडे खरखर हाती येते. घ्यायला जाताना गिटार घेऊन जा. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर लावून एकेक तार छेडा, ट्यूनरवर बघा, मागच्या बाजूला धातू थेट लाकडाला टेकत नाही ना ते बघा, आणि पॅड पुढेमागे बदलून मिळतो का ते विचारा. पॅड रबराचा असतो, वर्षभरात त्यावर तारांच्या खोल रेघा उमटतात आणि मग कितीही आवळा, खरखर जात नाही. वाजवून झाल्यावर कॅपो नेकवर तसाच ठेवला तर या रेघा लवकर पडतात, शिवाय काही जुन्या लॅकरवर रबराचा डाग राहतो. काढून खोक्यात ठेवा.

नवा येईपर्यंत मित्राचाच कॅपो चालवून घेता येईल. त्या वळणात मध्य आणि कडा यांच्यात फरक साधारण अर्ध्या मिलिमीटरचाच असतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापा, तिसरी आणि चौथी तार झाकेल एवढाच, साधारण १५ मिलिमीटर रुंद. पॅडच्या बरोबर मध्यावर तो दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवा. तुकडा दुसऱ्या किंवा पाचव्या तारेवर गेला तर कडेच्या तारा उचलल्या जातील, म्हणून आधी टेपशिवाय नुसता धरून बघा. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावा आणि चौथी तार छेडा. ई वाजायला हवा. तो स्वच्छ आला की तिसरी छेडा, ए. दोन्ही मोकळ्या वाजल्या तर टेप लावून टाका, आणि या कॅपोने तिसऱ्या फ्रेटच्या वर जाऊ नका; त्यापुढे दांडी पुरणार नाही.